निखिलच्या माळावरचं पहिलं फूल

हसू नका हं, माझाच प्रताप सांगते. इथे शिकागोजवळ आमच्या शेजारच्या निखिलनं लॉन काढून या भागातली मूळची रानफुलं पेरली. तीन वर्षं नुसतं गवत! एका सकाळी जांभळं फूल दिसलं आणि मी सवयीनं देवासाठी खुडलं.

तासाभरात तो कॅमेरा घेऊन दारात. "काकू, माझं पहिलं फूल गेलं हो! फोटोसुद्धा नाही काढला."

मी रडवेली होऊन देवघर दाखवलं. तो गणपतीसमोर पालथा पडून फोटो काढू लागला. ह्यांना वाटलं, साष्टांग नमस्कार घालतोय.

"मुळं शाबूत आहेत काकू, फुलं पुन्हा येतील."

यंदा त्यानंच बेल वाजवली. "अकरा आलीत! देवाला एक घ्या. बाकीची मोजलीत मी!"