लिम आंटींनी सोपवलेलं एगनॉग

तुम्ही हसणार, पण सांगतेच. सिंगापूरला, मरीन परेडमध्ये आमच्या शेजारी लिम आंटी राहतात. त्यांच्या नाताळच्या पार्टीत मुलांसाठी बिनदारूचं एगनॉग करायचं काम माझ्याकडे आलं. दूध, साखर, अंडी, वर जायफळ. मला वाटलं, मसाला दूधच की. मग कळलं, अंडं जवळपास कच्चंच राहतं.

सात मुलं, त्यातली सहा दुसऱ्यांची. एखाद्याचं पोट बिघडलं तर लिफ्टमध्ये तोंड कसं दाखवायचं? आंटींनी बजावलं होतं, "वॉर्म ओन्ली, डोन्ट बॉइल, कॅन?" पण न उकळलेलं अंडं-दूध मुलांना द्यायला माझा हात धजेना. दोनदा उकळी आणली. मग खात्रीसाठी तिसऱ्यांदा.

पार्टीत जग वाकडा केला, तर ग्लासात काही पडेचना. आंटींनी चमच्याने चाखून पाहिलं आणि शांतपणे टोस्ट आणले. इथल्या अंडं-नारळाच्या काया जॅमसारखं मुलांनी ते टोस्टला फासून फस्त केलं.

"हाऊ लाँग यू कुक?" आंटींनी विचारलं.

"भीती जाईपर्यंत," मी इंग्रजीत खरं ते सांगून टाकलं.

माझी चार वर्षांची ईरा टोस्ट चावत, इथल्या मुलांसारखं 'लाह' जोडून म्हणाली, "नो लाह आंटी, आई स्टिल स्केअर्ड."