सगळ्याच एलिसावेत!

…आणि पहिली मुलगी झाली की तिला नवऱ्याच्या आईचंच नाव! का? ते विचारायचं नाही! आमच्या ग्रीसमधल्या आंद्रोस बेटावर हे असंच चालतं म्हणे. सासूबाई एलिसावेत. मोठ्या दिरांची मुलगी एलिसावेत, धाकट्यांची एलिसावेत… ईस्टरच्या जेवणाला कुणी "एलिसावेत, लिंबू दे गं" म्हटलं की तीन लिंबं येतात हो! आता माझी चौथी! बाप्तिस्म्यापर्यंत इथे पोरीला नाव नसतंच, नुसतं 'बेबा'. म्हटलं, तेवढ्यात सुटकेची वाट शोधू.

तुम्हाला सांगते, मी पोलिक्सेनी. वारलेल्या आजीचं नाव. रडले तर आजीसारखी, चिडले तर आजीसारखी… स्वतःची म्हणून मी कधी चिडलेच नाही! माझ्या पोरीचं तसं व्हायला नको, एवढंच.

म्हणून जेवताना सासऱ्यांना विचारलं, "बाबा, इसाबेला ठेवू या?" सासरे जन्मभर जहाजावर स्वयंपाकी. मिशीला पीळ देत म्हणतात, "ठेव की! कादिझ बंदरातली इसाबेल… म्हणजे आपली एलिसावेतच, सूनबाई!" बरं, एल्सा? "स्वीडनची एलिसावेत!" लिझा? "ओदेसाची!" इल्झे?? "अहाहा, हॅम्बुर्गची इल्झे! काय गोड हसायची… तीही एलिसावेतच!"

"हसायची म्हणजे?" सासूबाईंचा चमचा हवेतच थांबला. मला केवढी आशा वाटली! आता भांडण पेटणार, आणि नावाचं राहून जाणार… कसलं काय! म्हातारा म्हणतो कसा, "अगं, बंदराबंदरात मला तूच भेटायचीस!" आणि सासूबाई चक्क लाजल्या!

सगळा युरोप पालथा घातला हो मी, पण देशोदेशी त्याच एका नावाची रूपं, जिथे जावं तिथे सासूबाई आधीच हजर! आणि माझा नवरा? "आईला वाईट वाटेल गं…" याच्यापलीकडे गाडी नाही!

शेवटी चर्चमध्ये फादरनी विचारलं, "बाळाचं नाव?" सांगायचं असतं धर्ममातेनं, पण ती माझी मैत्रीण, सासूबाईंकडे बघूनच गांगरली. मग मीच म्हटलं, "मिर्तो!"

सासरे खूश. "ही कुठली एलिसावेत?"

"कुठलीच नाही!"

"मग नाव कुणाचं हे?" सासूबाई.

"कुणाचंच नाही. तिचं!"

गप्प! दीर गप्प, सासरे गप्प, फादरसुद्धा गप्प…

तुम्हाला सांगते, जिंकले मी! फक्त घरचे सगळे अजून गप्पच आहेत. मिर्तो म्हणून हाक मारायला सध्या… मी एकटीच आहे.