थोरल्यांचं नाव खाली

"दादा, चूक तुमचीच असली, तरी दुरुस्तीचे पैसे घेता का?"

कोल्हारच्या एसटी स्टँडवर मैत्रिणींनी पैज लावली, म्हणून पूजाने हे चक्क अनोळखी माणसाला विचारलं. लॅपटॉपवर पत्रिका बनवून देणारा तो पोरगा शेजारी बसलेल्या आप्पासाहेबांशी मघापासून मोबाईलवरच्या लग्नपत्रिकेवरून हुज्जत घालत होता.

"घेतो ना. परत दोन तास बसलो की!"

"यादीत थोरले बंधू वर हुते. तू घातले धाकट्याच्या खाली!"

"नजरचूक झाली, आप्पासाहेब. पण वेळ माझाच गेला."

"आन् माझा? काल सकाळभर थोरल्यांच्या दारात बसलो. चहासुदिक विचारला न्हाई. त्याचं बिल कुणाला लावू?"

"गावभर पाठवायच्या आधी तुम्हीही बघितली होती."

"बघितली की. गणपती बघितला, फुलं बघितली. भाऊ खाली गेला असंल, हे मनात तरी येईल का?"

"मग निम्मे द्या."

"निम्मी चूक माझी हाय का?"

पोरगा पूजाकडे वळला. "तुला कशाला गं पंचायत?"

"मी ब्लाऊजवर मोर भरला, तो डाव्या बाहीवर. तो पदराखाली झाकला जातो. आमच्या गल्लीतल्या जयाताईंनी उजवीवर सांगितला होता. परवा त्यांचं लग्न आहे."

"मग भर दुसरा आणि घे पैसे!"

"पप्पाही तेच म्हणतात."

"पोरी," आप्पासाहेब म्हणाले, "ताई रुसली का?"

"नाही. ब्लाऊजची घडी घालून परत माझ्या हातात दिली."

घरात पाऊल टाकताच पूजाने दप्तर ठेवलं.

"मम्मी, पप्पा, उद्या मी भंडारदऱ्याच्या सहलीला जात नाही. दिवसभर बसून उजवी बाही भरणार, आणि जयाताईंकडून एक रुपयाही घेणार नाही."