एक खीळ आणि थंड भट्टी

...आणि वरून मलाच विचारतो, "पेटली नही का अजून?" आता सांगा! अरे बाबा, ही लोहाराची भट्टी आहे, तुझ्या मोटारपंपाचं बटन नाही. काम पाच मिनिटांचं, मी कुठं नाही म्हणतो? पण भट्टी पेटली पाहिजे ना!

तुम्हाला सांगतो, आमच्या या असोदा गावात एवढी घरं, पण घाई सगळी माझ्याच दारात येते. सकाळी नवाच्या सुमारास हा लीलाधर हजर. बैलगाडी भरून केळी, आणि चाकाची खीळ तुटलेली, दोन तुकडे हातात. "सुपडूभो, झटकन ठोकून दे ना भो! फाट्यावर टरक उभा हाये, दहाले निघून जाईन, मंग या केयीचं काय मी लोनचं घालू?" बरं, हा प्रेमानं आला का माझ्याकडे? छे! आधी स्टँडवरच्या वेल्डिंगवाल्याकडे गेला होता. तिथं लाइट नाही, म्हणून सुपडू लोहार आठवला. असू द्या. मी म्हटलं, आलाय ना दारात, दाखवूच याला एकदा.

आता भट्टी लवकर पेटवायची तर युक्ती काय? रात्रीचे निखारे राखेत झाकून ठेवायचे. सकाळी राख सारली, कोळसा टाकला, वारा दिला, झालं. मी राख सारतो तर खाली... राखच! "अवं, निखारे कुठं गेले?" आमच्या मंडळी, बेबाबाई, आतून म्हणतात, "धुरपदाबाई आली व्हती, तिले देले. मंदाबाईलेबी देले. इस्तो मागाले आलेल्याले नही म्हनू नही!" म्हणजे सगळ्या गल्लीच्या चुली पेटल्या आणि लोहार थंड! काम पाच मिनिटांचं, पण भट्टी पेटली पाहिजे ना!

बरं, पुन्हा सुरुवात. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वाळक्या काड्या मोडल्या, आडव्या-उभ्या रचल्या, वर बारीक कोळसा, काडी ओढली. छान धरत होतं हो! आणि आमच्याकडे रीत अशी, ज्याचं काम त्यानं भट्टीला वारा देणारा हाताचा पंखा फिरवायचा. लीलाधरला म्हटलं, "हळू फिरव. आधी फुंकरीएवढा वारा." हळू? त्यानं हँडल धरलं आणि डिझेल इंजिन सुरू करतात तसा गरागरा फिरवला! काड्या उडाल्या, कोळसा उडाला, राख माझ्या डोळ्यात. आणि हाच विचारतो, "पेटली का?" अरे, मी दिसतोय का तुला आधी!

तेवढ्यात जीवराम. एसटीचा रिटायर ड्रायव्हर, काम काही नाही, सल्ला तयार. "सरक रे भो, रॉकेल टाक! एका मिन्टात पेटते." मी नको नको म्हणेपर्यंत ओतलंसुद्धा! भप्पकन असा जाळ झाला की माझी अर्धी मिशी गेली. हे दोघं टाळ्या वाजवताहेत, "पेटली! पेटली!" कसली पेटली? रॉकेल जळून गेलं, कोळसा जशाचा तसा काळा. नुसता धूर. बैलसुद्धा खोकायला लागले.

मग मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, जीवराम, तू ओट्यावर बस. लीलाधर, तू मी सांगेन तसाच हात हलव, नाहीतर केळी डोक्यावर घेऊन पळ! नव्या काड्या, मुठीएवढा बारीक कोळसा, हळू वारा... मग थोडा जाड कोळसा, थोडा जास्त वारा... आणि काय सांगू तुम्हाला, दहा मिनिटांत अशी पेटली, अशी पेटली, की बघत राहावं! मध्ये पिवळाधमक जाळ. नवी खीळ घडवायला सळई घातली, लाल झाली. घड्याळात पावणेदहा. सांडशीनं सळई काढली, ऐरणीवर ठेवली, हातोडा उचलला...

आणि समोरची पिठाची गिरणी सुरू झाली. लाइट आली!

लीलाधरनं पंख्याचं हँडल सोडलं. खिळीचे दोन्ही तुकडे उचलले. "राग नको धरू सुपडूभो, तिकडे बटन दाबलं का लगेच जोडते!" आणि पळाला. दहाच्या आत खीळ जोडून आणली, गाडी हाकली, ट्रकही गाठला म्हणे. जीवरामही गेला त्याच्यामागं, वेल्डिंगवाल्याला सल्ला द्यायला.

मी तसाच उभा, हातोडा वर धरून. वाईट वाटलं हो, खोटं कशाला बोलू. आतून बेबाबाई आली, जाळाकडे बघितलं, म्हणाली, "एवढी चांगली पेटेल हाये, तं चाय ठेवू का?"

म्हटलं, ठेव. चहाला उकळी येईपर्यंत ती खीळही ठोकून टाकली मी. चांगली झालीय. तुमच्यापैकी कुणाच्या गाडीला लागत असेल, तर सांगा.