‘शे’ला चिकटलेला ‘ण’

देवाशपथ सांगतो, हा किस्सा शंभर टक्के खरा आहे. बरं, नव्वद धरा.

शिंदखेड्याला आमच्या नानांचा सत्कार होता. मला बाराखडी त्यांनीच शिकवली, तेव्हा माझं भाषण चुकून चालणार नव्हतं. माझ्याकडे भाषण लिहून देणारा एआय एजंट होता, आणि शुद्धलेखन सुधारणारा सहायक वेगळा. संगणकात मुरलेल्या आमच्या मेहरूणच्या अक्कांनी संगणकाच्या काळ्या खिडकीत चार कमांड टाकून दोघांची सोयरीक जमवून दिली.

"भाऊ, आता हा लिहील, तो सुधारेल. तुम्ही नुसतं छापून घ्या."

शेवटचं वाक्य मात्र मी हट्टानं अहिराणीत घातलं : "नाना मना गुरू शे," म्हणजे नाना माझे गुरू आहेत. सहायकाला अहिराणी कुठली यायला? त्याला वाटलं, शब्द अर्धाच राहिलाय. त्यानं सुचवलेली दुरुस्ती एजंटानं परस्पर करून टाकली आणि मी भर सभेत कागदावरचं खणखणीत वाचलं, "नाना मना गुरू शेण!"

नानांनी माइक ओढून घेतला.

"बरोबर शे! शेणखतबिगर पीक येस का?"

लोक हसून हसून बेजार. नानांनी सगळ्यांदेखत माझ्या पाठीवर थाप मारली. एवढी शाबासकी मला शाळेतही कधी मिळाली नव्हती.

आता बनवलेलं तेवढं सांगतो. एजंटानं परस्पर काहीच केलं नव्हतं. "‘शे’चं ‘शेण’ करू का?" असं त्यानं रीतसर विचारलं होतं. मीच न वाचता ‘हो’ दाबलं. देव भलं करो त्या ‘हो’चं!