पैलवानाला बंडी

मंडळी, आज आधी एक विचारतो. पुढे बसलेल्या बाळगोपाळांनी अगोदर ऐका, मोठ्यांनी मागून. मोठ्या गुणाला राहायला मोठंच घर लागतं का? लागतं म्हणता? थांबा – माना इतक्यात हलवू नका.

फलटणला दिगंबर हावळे नावाचे शिंपी. गळ्यात टेप, कानावर खडू. घर म्हणजे एक खोली. त्यांची लेक शर्वरी कॉम्प्युटरचं शिकणारी. कर्णबधिर मुलांच्या शाळेसाठी तिनं पडद्यावर एक हात घडवला. बोटांच्या खुणांनी धडा शिकवणारा. तो हात हलायचा तर ग्राफिक्स कार्ड हवं. ते काय असतं, मुलांनो? पडद्यावरची चित्रं पेलणारा पैलवान! कॉलेजनं तो दिला, पण बजावलं, "रविवारी शाळेत यंत्र चाललं पाहिजे, नाहीतर कार्ड परत."

पैलवान केवढा? तेहेतीस सेंटीमीटर लांब, विटेएवढा जाड. आणि यंत्राला जागा कुठली? शिलाई मशीनशेजारचं स्टूल! शाळेत न्यायचं तेही एसटीत, मांडीवर.

शर्वरीनं मोबाइलवर कॉम्प्युटर बसवायची एक लहानशी पेटी निवडली. "बाबा, तेहेतीसपर्यंतचं कार्ड बसतं हिच्यात."

"बसेल. सदरा छातीला बसला, म्हणून हात वर जातो का?"

"कार्डाला कुठले हात, बाबा?"

दिगंबररावांनी कार्ड उलटसुलट पाहिलं. "वीज कुठून घेतं हे?"

"इथून, वरच्या कडेला वायर खोचायची."

"मग हाच त्याचा हात. तो वर केल्यावर माप घेतलंस?"

पोरीनं लगेच वायर खोचून पाहिली, तर वळण चार बोटं वर! मंडळी, चार बोटं. तेवढ्यावरून कार्ड परत गेलं असतं.

दिगंबररावांनी कॉलर ताठ ठेवणाऱ्या बकरमचा जाड तुकडा घेतला आणि कार्डाचा नमुना कापून शिवला – वायरच्या वळणासकट. तो पिशवीत घालून बापलेक दुकानात.

दुकानदार रियाझभाईंनी काचेची भलीमोठी पेटी पुढे केली. "आतले दिवे दिसतात, ताई."

"स्टुलावर मावणार नाही, भाई."

मग मोबाइलवरची ती लहान पेटी आली. बकरमचं कार्ड आत गेलं, वळण झाकणाला टेकलं. रियाझभाई म्हणाले, "जरा दाबली की बसेल."

"दाबलेली वायर तापते," शर्वरी म्हणाली. तिनं वरच्या फळीवर बोट दाखवलं. "तो सांगाडा काढा."

चार दांड्या, भिंती नाहीत, आकार कुकरच्या खोक्याएवढा. नमुना आत बसला आणि वायरचं वळण वर मोकळं उभं राहिलं. हवाही चहूकडून खेळती.

"याला अंगच नाही, मास्तर. धूळ बसेल."

"पैलवानाला कोट कशाला, बंडी पुरे," दिगंबरराव म्हणाले. "अन् धूळ? माझी मशीन तीस वर्षं उघडी आहे. रोज पुसतो. बंद असताना घालायला खोळ शिवीन."

रियाझभाई नमुना न्याहाळत राहिले. "एवढं नेमकं माप कुणी काढलं, ताई?"

"माझ्या बाबांनी."

दोनच शब्द. दिगंबररावांनी गळ्यातली टेप सारखी केली – भर सभेत कुणी शाल पांघरावी, तशी.

रविवारी यंत्र मांडीवरून शाळेत पोचलं. शर्वरीनं बटण दाबलं. पडद्यावरचा हात वर गेला आणि वर्गातले चाळीस हात त्याच्यामागे वर! शेवटच्या बाकावर एक एकेचाळिसावा हात होता – बोटांना खडू लागलेला.

आता मोठ्यांनो, तुमच्याकडे वळतो. तुम्हीही लेकरांची मापं घेता. इतके मार्क, म्हणजे हा वर्ग, ही नोकरी. पोर हात खाली सोडून उभं असतं आणि तुम्ही कापड कापून मोकळे होता. आज घरी गेल्यावर लेकराला समोर उभं करा आणि म्हणा, "बाळ, हात वर कर बघू."

मग टेप काढा.