देवदाराच्या कुंपणामागे, दोनशे बारा पावलं

आजच्या सभेच्या अध्यक्ष, फ्लिंट ब्युकमालक मंडळाच्या माननीय डोलोरेस पावलाक; व्यासपीठावर बसलेले आपले पाहुणे, कामगार संघटनेचे निवृत्त अध्यक्ष एव्हरेट टोलिव्हर; ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आजचे सत्कारमूर्ती, माझे लोवेलकाका बर्डसॉल; आणि उद्या हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस असूनही, मनाने जंगलात, पण देहाने या सभागृहात हजर असलेल्या सर्व सभासद बंधुभगिनींनो,

अशा प्रसंगी स्तुतीने सुरुवात करावी असा संकेत आहे. मी तक्रारीने करणार आहे. अध्यक्षबाई, कृपा करून माझे बूट बघा. हे बूट आज दुपारी दीड वाजता कोरडे होते. आता त्यांत बर्फाचं पाणी आहे, चिखल आहे आणि देवदाराची काही पानं आहेत. कारण एवढंच की माझ्या ब्युकच्या बॅटरीने सकाळी मान टाकली आणि मी बहिणीच्या कोरियन गाडीतून आलो. फाटकात अडवला गेलो. अडवणारे कोण? आजचे सत्कारमूर्ती! स्वतःच्या निरोपसमारंभाला आलेल्या पाहुण्यांच्या गाड्या स्वतःच लावून देणारा दुसरा सत्कारमूर्ती कुठे झाला असेल तर मला दाखवा.

नारिंगी जाकीट, हातात झेंडी. काकांचं वय एक्याऐंशी. डोळ्यांच्या मधोमध आता काही दिसत नाही, फक्त कडा दिसतात. म्हणून गेल्या महिन्यात गाडी चालवण्याचा परवाना परत केला. पण फाटकावर डोळ्यांचं काम काय? ते कानांनी ओळखतात. माझी गाडी थांबली तशी म्हणाले,

"पंडित, ही ब्युक नाही."

"काका, मी आहे."

"तू आहेस ते कळलं रे. गाडी कोण आहे ते विचारतोय. चल, मागे!"

मागे म्हणजे देवदाराच्या कुंपणामागे. तिथून या दारापर्यंत दोनशे बारा पावलं होतात. मी मोजली. माझ्या बुटांनीही मोजली.

नियम चार. सभासदांना तो पाठ आहे: ब्युक आणि तिच्या घराण्यातल्या गाड्या पुढे, बाकी सर्व कुंपणामागे. शहाऐंशी साली काकांनी मांडलेला आणि सभेने मंजूर केलेला नियम. तेव्हा या गावात कारखान्याच्या तीन पाळ्या सुटायच्या आणि रस्त्यावर ब्युकशिवाय दुसरं काही दिसायचं नाही. आपण ब्युकमध्ये जन्माला येत होतो, मी तर अक्षरशः. माझ्या आईला दवाखान्यापर्यंत धीर निघाला नाही. आपले बाप ब्युकच्या पुढच्या अंगावरची शोभेची गोल छिद्रं मोजून शेजाऱ्याची पायरी ठरवायचे: तीन छिद्रांचा साधा, चार छिद्रांचा बडा. आपल्या त्रैमासिकाचं नाव 'चार छिद्रं' आहे ते त्यामुळेच. बाहेरच्या लोकांना ते दंतवैद्यांचं मासिक वाटतं, त्याला माझा इलाज नाही.

आणि मंडळी, ज्याच्या नावाची ही गाडी, तो मुळात आंघोळीच्या टबांना मुलामा चढवणारा कारागीर. पैसा टबात होता, जीव इंजिनात. कंपनी या गावात आली, वाढली, आणि तो तिच्यातून बाहेर पडला. म्हातारपणी त्याच्याकडे स्वतःच्या नावाची गाडीही नव्हती म्हणतात. म्हणजे तो आज इथे आला असता तर चालतच आला असता. आणि समजा, कुणी गाडीतून आणून सोडलाच असता, तर काकांनी त्यालाही आधी गाडी कुठली म्हणून विचारलं असतं.

तुम्ही हसलात, बरं वाटलं. आता जरा अवघड आहे.

लोवेलकाका एकोणीसशे बासष्टमध्ये कारखान्यात लागले. एकतीस वर्षं त्यांनी दारं बसवली. दार बसवणं म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. बिजागरी, फट, रबर, आणि मग एकदा ढकलून द्यायचं. आवाज कसा येतो? जाड पुस्तक मिटल्यासारखा आला तर दार बसलं. पत्र्यासारखा आला तर पुन्हा. त्यांचा मुलगा कर्ट पंच्याऐंशी साली त्याच कारखान्यात लागला आणि त्यानेही दारंच धरली. कर्ट माझा वर्गमित्र. मी लॅटिनच्या तासाला पहिल्या बाकावर असायचो, 'पंडित' हे नाव तिथलंच; तो शेवटच्या बाकावर पेंगायचा. त्याने मला कधी चिडवलं नाही, उलट मला चिडवणाऱ्यांना चोपलं. नव्याण्णवच्या जूनमध्ये कारखान्याला कुलूप लागलं. कर्ट तेव्हा तेरा-चौदा वर्षं नोकरी झालेला, दोन लेकरांचा बाप. दारं बसवण्यापलीकडे दुसरं काही येत नव्हतं. शेजारच्या ओहायो राज्यात एका जपानी कंपनीच्या कारखान्यात दारं बसवणारे हवे होते. तो गेला.

काकांनी त्या वेळी अपशब्द काढला नाही. फक्त म्हणाले, "जा. पोटाला हवंच." आणि त्याच महिन्यात स्वतःसाठी लसाबर नावाची ब्युक घेतली, त्या कारखान्यातल्या शेवटच्या गाड्यांतली एक. तीच जी आज बाहेर पहिल्या रांगेत उभी आहे, काकांच्या पुतण्याने चालवत आणलेली. तेवीस वर्षं वापरली. तिचं दार ते कधी आपटत नाहीत. हलकेच ढकलतात आणि ऐकत उभे राहतात. मी एकदा विचारलं, काका, काय ऐकता? म्हणाले, "ज्याने बसवलंय त्याला काम येत होतं." शेवटच्या महिन्यात त्या पाळीवर दारं कोण बसवत होतं हे त्यांनाही माहीत होतं, मलाही. दोघांनीही नाव घेतलं नाही.

आता दोन हजार आठ. नॉर्माकाकी गेल्या. दफनानंतरचं जेवण याच सभागृहात होतं. काका आत बसू शकले नाहीत. बायका येऊन हात धरत होत्या, डब्यांवर डबे येत होते. ते उठले, काळ्या सुटावर नारिंगी जाकीट चढवलं आणि फाटकावर जाऊन उभे राहिले. मीही गेलो, दुसरी झेंडी माझ्याकडे असायची. आम्ही गाड्या लावत राहिलो. कर्ट दफनभूमीतून सर्वांत शेवटी निघाला होता. तो आला ओहायोच्या नंबरपाटीच्या, त्याने स्वतः दारं बसवलेल्या गाडीतून. काकांचा हात वर गेला. बावीस वर्षांच्या सवयीचा हात होता तो. बायको गेल्याचं त्या हाताला अजून कुणी सांगितलं नसावं. हात कुंपणाकडे वळला.

कर्टने काच खाली केली. म्हणाला, "बाबा, आजसुद्धा?"

काकांचा हात हवेतच थांबला, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्यांनी मला विचारलं, "पंडित, नियमात काही अपवाद आहे का रे?"

मंडळी, दोन हजार एक साली आपली नियमावली मी नव्याने लिहून काढली. नियम चारच्या शेवटी मुळात नसलेला एक शब्द मी घातला: 'निरपवाद'. कुणी मागितला नव्हता. वाक्याला वजन येतं म्हणून घातला. वाक्य कसं खणखणीत वाजलं! आणि फाटकावर त्या माणसाने माझ्याकडे सुटकेची वाट मागितली, तेव्हा मी, नियमावलीचा भाष्यकार, म्हणालो, "नियमात तर नाही, काका."

कर्टने ऐकलं. मागच्या सीटवर काचेच्या भांड्यात ॲपल-पाय होता, आईच्या पद्धतीने केलेला. ते भांडं त्याने खिडकीतून माझ्या हातात दिलं, गाडी वळवली आणि ओहायोला गेला. त्या भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर नॉर्माकाकींच्या अक्षरात 'बर्डसॉल' लिहिलेलं आहे, भांडं परत यावं म्हणून. ते चौदा वर्षं माझ्या कपाटात आहे. बापलेक चौदा वर्षं बोललेले नाहीत.

अध्यक्षबाई, घड्याळ मलाही दिसतंय. थोडं थांबा.

मंडळात आज एकोणीस सभासद उरलेत आणि ही आपली शेवटची सभा. परवा काका पुतणीकडे ॲरिझोनाला जातील, कायमचे. म्हणून 'चार छिद्रं'च्या शेवटच्या अंकातलं निमंत्रण मी ओहायोला पाठवलं. उत्तर आलं नाही. आज मात्र बहिणीची गाडी कुंपणामागे लावून उतरलो, तर शेजारी ओहायोची पाटी. आत कर्ट. दाढी पांढरी झालीय.

म्हटलं, "अरे, कधी आलास? आत चल."

म्हणाला, "मला मागे पाठवलंय."

"कोणी?"

"कोणी म्हणजे? बाबांनी. मी काच खाली केली होती, पंडित. हातभर अंतरावर होते. म्हणाले, 'मागे घ्या, साहेब.' साहेब म्हणाले मला." त्याने स्टिअरिंगवरचा हात उचलून कुंपणाकडे वळवून दाखवला. "त्यांना मी दिसलोच नाही. हात मात्र अजून तसाच आहे बघ, सरळ."

"त्यांना दिसत नाही रे आता. तू हाक का नाही मारलीस?"

"तोंडातून आवाज निघाला असता तर मारली असती."

"बरं, आता तरी चल."

"मी आत आणि गाडी इथे? ती मी बनवलीय. ती ज्या रांगेत, त्या रांगेत मी. त्यांनी बोलावलं तर येतो. अंधार पडेपर्यंत थांबतो. सकाळी सहाची पाळी आहे."

मी धावत आत आलो आणि अध्यक्षबाईंना विनंती केली, माझं भाषण पहिलं घ्या. बाई म्हणाल्या, कार्यक्रमपत्रिका छापलेली आहे, तुमचं भाषण शेवटचं. खरं आहे, ती मीच छापून आणलीय. काकांच्या कानात सांगता आलं असतं. पण काकांना मी ओळखतो, ते म्हणाले असते, नियम सर्वांना सारखा. नियम सभेने केलेला आहे. तो सभेनेच सोडवायला हवा.

म्हणून मी ठराव मांडतो: नियम चार आजपासून रद्द. ज्या नियमाने चीनमध्ये बनलेली ब्युक पहिल्या रांगेत उभी राहते, समोरच दोन आहेत, आणि बर्डसॉलांच्या पोराने इथून चार तासांवर बनवलेली गाडी कुंपणामागे जाते, त्या नियमाचा अर्थ मला आता लावता येत नाही. अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत.

टोलिव्हरसाहेब, पाहुण्यांना मत नसतं. राहू द्या, राहू द्या, हात चांगला दिसतोय.

ठराव मंजूर. काका, तुमचा हात वर नव्हता, ते मी बघितलं. तुम्ही जाकीट शोधताय. ते तुमच्या खुर्चीच्या पाठीवर आहे. काय म्हणालात? कुठल्या रांगेत? शेवटच्या, काका. तुम्ही पाठवलीत तिथेच. या दारातून बाहेर पडा, उजवा हात भिंतीला लावा, आणि दोनशे बारा पावलं मोजा. मी मघाशी बुटांची तक्रार केली ती मागे घेतो. मोजणी उपयोगाला आली. झेंडी असू द्या हातात. तो हात ओळखतो.

दार उघडं ठेवा कुणीतरी, त्यांना उजेड लागेल.

अध्यक्षबाईंनी मला ठरल्यापेक्षा दुप्पट वेळ दिला, त्यांचे आभार. जेवण रांधणाऱ्या भगिनींचे, तुम्हा सगळ्यांच्या हातांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. त्या एका शब्दाची माफी मात्र मी इथे मागत नाही. ती देणारे दोघेही आत्ता सभागृहात नाहीत.

आणि एक शेवटचं. मी इतका वेळ बोललो त्यात माझी हौस होतीच, नाही कशाला म्हणू. पण बोलत होतो तोवर मला खिडकीकडे बघावं लागत नव्हतं. आता बघितलं. अंधार पडून बराच वेळ झालेला दिसतो. मला भीती वाटते, काका तिथे पोचतील आणि तो निघून गेलेला असेल.